रांजणखेड्याचा रंगीत रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. किती जुना, ते विचारू नका. त्यावर गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही माझ्या अंगावर ऑइलपेंटने काढलेली आहेत.

माझा जन्म उद्धव कुंभाराच्या अंगणात झाला. पैनगंगेकाठची माती, तीत घोड्याची लीद आणि राख. त्याने मला थापटून थापटून वाढवलं, जसं तुम्हाला वाढवतात. मग निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या नाक्यापाशी, कडुनिंबाखाली बूड जरा जमिनीत रोवून मला बसवलं. वऱ्हाडातून येणाऱ्या गाड्या तिथे जकातीसाठी ताटकळत. माणसं तहानलेली असत आणि नाकेदार जेवायला गेलेला असे. तेव्हा तिथे गाव नव्हतं. गाडीवाले म्हणत, "रांजणावर थांबू." मग कुणी चहाचं दुकान टाकलं, कुणी लोहारकीचा भाता मांडला, चार घरं झाली आणि वस्तीला नाव पडलं रांजणखेडा. एका गावाला नाव दिलं म्हणून मी काही फुगलो नाही. रांजणाला आणखी फुगायला जागा नसते.

मला रोज भरायची उद्धवाची सून, सोजरबाई. तिचा नवरा भर उन्हात, पाण्यावाचून, याच वाटेवर कोसळला होता. तेव्हापासून तिने ठरवलं होतं, की या वाटेने कुणी तहानलेलं जायचं नाही. माझ्यातलं पाणी गार असे, कारण मला घाम येई. मातीतून पाणी बारीक झिरपतं, वाऱ्यावर उडतं आणि आतलं निवतं. माझं सगळं कर्तृत्व एवढंच.

पुढे निजामाचं राज्य गेलं, नाका उठला. गाड्या थांबेनात, पायी जाणारे मात्र थांबत. मग भाषेवार नवी राज्यं करायचं निघालं आणि हद्दीवरच्या गावांची चौकशी करायला एक साहेब येणार, असा निरोप आला. सुधाकरराव पाटलांना गाव मुंबई राज्यात हवं होतं, लक्ष्मणराव पटवाऱ्यांना आंध्रात. गावाचं नाव ज्याचं, गाव त्याचं, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

"हा रांजन मराठी सरदारानं ठेवला. चारशे वर्सं झाले," पाटील म्हणाले.

"सरदारानं? तेलुगू राणीनं ठेवला. सहाशे झाले," पटवारी म्हणाले.

उद्धव समोरच बिडी ओढत बसला होता. पाटलांनी त्याला विचारलं, "काऊन रे उद्धवा, तुले काय वाटते?"

"असंल बापा," उद्धव म्हणाला. "एवढे मोठे मानसं म्हनून राह्यले, तर असंल. म्या केला तवा मले कोनी सांगतलं नाई."

दोघांनी समाधानाने मान डोलावली. आपल्या बाजूची साक्ष मिळाली, असं दोघांनाही वाटलं.

आदिलाबादहून रंगाचे डबे आले. माझ्या मावळत्या अंगावर सरदार चढला, उगवत्या अंगावर राणी. सरदाराचा घोडा गाढवासारखा दिसत होता, पण त्यावर बसण्याची ऐट खरी होती.

सोजरबाई घागर खाली ठेवून म्हणाली, "पाटील, रंग नका लावू जी. त्याले घाम नाई येनार. पानी तापंल."

"सोजरबाई, साहेब येऊन राह्यला. त्याले घाम दाखवतं का?"

पटवारी जन्मात पहिल्यांदा पाटलांच्या बाजूने बोलले, "इतिहासाले घाम येते का कुठी?"

मला ओरडावंसं वाटलं. पण मित्रांनो, मला तोंड आहे ते वरून ओतण्यासाठी.

साहेब ऐन मे महिन्यात, भर दुपारी आला. जीपमधून उतरल्या उतरल्या त्याने पाणी मागितलं. सोजरबाईने माझ्यातलं दिलं. पेजेसारखं कोमट आणि वर रंगाचा वास. साहेबाने एक घोट घेतला आणि तांब्या परत केला.

"गावात पाण्याची सोय नाही वाटतं," तो कारकुनाला म्हणाला, आणि जीप गेली. नावाचं त्याने विचारलंच नाही. गाव आंध्रात गेलं.

पुढे सोजरबाई एका दुपारी विटेचा तुकडा घेऊन मला घासायला बसली. राणीच्या पायाचं एक बोट निघालं असेल नसेल, तोच पटवाऱ्यांनी कोतवाल धाडला. तिने बाजू बदलली, तर पाटील स्वतः आले.

"सरदाराले हात लावशील तर पाह्य."

"मालक, लोकं पानी थुकून राह्यले."

"थुकू दे. नाव राह्यलं पाह्यजे."

आता मला कुणी घासत नाही. पोळ्याला हार घालतात. सोजरबाई थकली आहे, तरी सकाळी मला भरते आणि दुपारी घरचा माठ डोक्यावर घेऊन माझ्याजवळ उभी राहते. येणारा तिच्या माठातलं पाणी पितो, माझ्याकडे पाहतो आणि म्हणतो, "काय सुंदर रांजण आहे."

मित्रांनो, तुम्ही कधी या बाजूला आलात, तर माझं कौतुक करू नका. विटेचा एक तुकडा खिशात घालून या. कुठूनही सुरुवात करा. घोड्याची शेपटी चालेल.