दृष्टिदूताचा सत्कार

माझे सासरे सोनाजी यांचा उजवा डोळा साखरेच्या आजारानं गेला आणि उरलेल्या डाव्यानं त्यांना पुढारी केलं.

शहरात छावणीजवळ डोळ्याच्या पडद्यावर संशोधन करणारी एक धर्मादाय संस्था आहे. उजव्या डोळ्याच्या वेळी आम्ही फार उशिरा गेलो. डाव्यात त्यांनी वेळेवर इंजेक्शनं दिली, तीही फुकट, म्हणून तो वाचला. उपकार आहेत, मी नाकारत नाही. पण संस्थेलाही असा माणूस हवाच होता. लाल पटका, पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी. मामांना त्यांनी 'दृष्टिदूत' केलं. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या वस्तीवर जीप यायची आणि मामा मेंढरं माझ्या नवऱ्याच्या गळ्यात टाकून भाषणाला निघायचे. घरात शालींचा ढीग लागला. सासूबाई त्या कोकरांवर पांघरायच्या.

भाषण संस्थेच्या तनुजा मॅडमनी बसवून दिलेलं. "एक दिवस मला मेंढवाड्याचा खांब वाकडा दिसाया लागला. म्या म्हणलं, खांबच वाकला असंल. तुमी तसं करू नका. सरळ ते वाकडं दिसलं, की त्याच दिवशी दवाखाना गाठा."

सिल्लोडला मोठा कार्यक्रम झाला, मीही सोबत गेले होते. व्यासपीठावर मधोमध इंद्रजीत डॉक्टर, मामांना इंजेक्शन देणारे. शेजारच्या खुर्चीत मामा. ते बोलायला उठले आणि अडखळले. मांडवाकडं बघत राहिले.

"ह्यो म्होरचा खांब मला आत्ता वाकडा दिसतोय," ते म्हणाले.

मी वळून बघितलं. खांब सरळ होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "खरंच सांगतोय," मामा म्हणाले, तर आणखी टाळ्या. डॉक्टरही मान डोलावत वाजवत होते.

मी पायरीपाशी जाऊन मामांना खुणावलं. ते वाकून कुजबुजले, "सत्कार व्हायचाय अजून. पावण्यांच्या हातची शाल टाकून उठायचं व्हय?" मग तनुजा मॅडमना गाठलं. त्या खूश होत्या.

"बाबांनी काय रंगवलं हो आज!"

"रंगवलं नाय, मॅडम. त्यांना तसंच दिसतंय."

"अहो, पंधरा दिवसांनी तपासणीची तारीख आहेच की. डॉक्टर आज संध्याकाळी परिषदेला निघालेत."

"कसली परिषद?"

"रुग्ण उशिरा का येतात, त्यावर."

घरी आल्यावर मी मामांशी भांडले, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चला म्हणून हट्ट धरला. ते ऐकेनात. म्हणाले, "अंबिका, एवढे डॉक्टर बसले होते. काय असतं तर बोलले नसते का? तुला लई कळतंय." त्यांचा विश्वास बघून मला राग आला, आणि रडूही.

तारखेला डॉक्टरांनी डोळा बराच वेळ तपासला. पडद्याच्या मधोमध रक्त साकळलं होतं. आता समोरच्याचं तोंड दिसणार नाही, म्हणाले, इंजेक्शनानंही नाही. मग त्यांचा आवाज चढला.

"बाबा, वाकडं दिसलं त्याच दिवशी यायचं. गावोगाव तुम्हीच सांगता ना?"

मामांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"त्याच दिवशी सांगितलं की, साहेब. तुमच्या शेजारीच उभा होतो." मग म्हणाले, "टाळ्या तुमच्याच लई जोरात होत्या."