फळीवरचे पितळी बिल्ले

सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये जावयाला सगळीकडे हात घालायची मुभा होती, एक फळी सोडून. तिथे जुन्या गाड्यांचे कार्ब्युरेटर ओळीने मांडलेले असत आणि त्यांच्यात म्हाताऱ्याचा जीव अडकलेला असे. जुन्या गाड्यांचे वेडे कुठून कुठून येत आणि आपल्या गाडीचं रडगाणं गात. म्हातारा ते शेवटपर्यंत ऐकून घेई, फळीसमोर उभा राही आणि एक उचलून देई. तो त्या गाडीला बसायचाच.

काम वाटतं तितकं सोपं नव्हे. दोन कार्ब्युरेटर बाहेरून सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, फरक सगळा पोटात. हवा आत ओढणारा गळा एकाचा रुंद, तो मोठ्या इंजिनाचा. दुसऱ्याचा अरुंद, तो लहान इंजिनाचा. ओळख पटावी म्हणून झाकणाच्या स्क्रूखाली नंबर ठोकलेला पितळी बिल्ला असतो, पण इतक्या वर्षांत तो बहुतेकांचा हरवलेला. मग म्हातारा गळा मापी, पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, म्हणजे जेट, काढून पाही, पितळेचा तुकडा कापून त्यावर स्वतः नंबर ठोकी. एकदा बिल्ला लावला की पुन्हा मापायची गरज नाही, इतका त्याला आपल्या हाताचा भरवसा. नियम मात्र कडक होता: धुवायला घ्यायचा तो एका वेळी एकच, आणि बिल्ला झाकणाला तारेने बांधून.

जावयाच्या डोक्याचे केस पिकायला लागले तरी त्याच्याकडे काम होतं ते धुण्याचं. निवड म्हाताऱ्याची, कौतुकही म्हाताऱ्याचं. मनातल्या मनात तो धुसफुसत असे, तोंडाने 'हो बाबा' म्हणे.

त्या दिवशी दातांचे डॉक्टर वडिलांची जुनी मोठी गाडी घेऊन आले होते. रंग झाला, गाद्या झाल्या, आता फक्त योग्य कार्ब्युरेटर हवा होता. सोबत हौशी मित्रांचा ताफा. म्हाताऱ्याने फळीवरून एक उचलला, बिल्ला नाकाशी धरून वाचला आणि म्हणाला, "हाच."

तो बसवताना जावई शेजारीच उभा होता. त्याची नजर आत गेली. गळा अरुंद होता. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. पण म्हातारा चुकला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, उगाच झाकून काय उपयोग? चारचौघांत एकदा फजिती होऊ दे, मग आपोआप घरी बसतील, असा त्याने हिशेब केला आणि तोंडाला कुलूप लावलं.

गाडी सुरू झाली, टाळ्या पडल्या. पण समोरचा चढ लागला तशी तिला धाप लागली आणि अर्ध्यातच ती बंद पडली. इस्त्रीचे कपडे घातलेल्या मित्रांनी ती ढकलत परत आणली.

म्हाताऱ्याने कार्ब्युरेटर उतरवला, गळ्यातून बोट फिरवलं. बिल्ला पाहिला. पुन्हा बोट फिरवलं.

"बिल्ला माझ्याच हातचा आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणजे मापातच चुकलो मी."

कोणी त्याला दोष दिला नाही. त्याने फळीकडे पाहिलं, तिच्यावरचे सगळे बिल्ले त्याचेच. "आता यातलं खरं काय धरायचं?" असं विचारून त्याने अंगावरचा एप्रन काढला आणि जिना चढून वर घरी गेला.

संध्याकाळी जावयाने फळीवरचा अगदी तसाच दिसणारा, जोडीतला दुसरा कार्ब्युरेटर खाली घेतला. बिल्ला लहान इंजिनाचा, गळा मात्र रुंद. मागे सासरे तापाने झोपून होते तेव्हा, कोण बघतंय म्हणून, त्याने हे दोन्ही एकाच ट्रेमध्ये रॉकेलात टाकले होते. बिल्ले तळाशी एकत्र पडले होते. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि बोलता बोलता हाताला लागेल तो बिल्ला त्याने लागेल त्या झाकणाला लावून टाकला होता. म्हातारा कशातच चुकला नव्हता.

आणि या शहाण्याने केलं काय? घाईघाईने बिल्ल्यांची अदलाबदल करून ते जिथले तिथे लावले. रुंद गळ्याचा डॉक्टरांच्या गाडीला बसवून पाहिला. दुसऱ्या दिवशी गाडी चढ लीलया चढली. "तुम्ही होतात म्हणून निभावलं," डॉक्टर म्हणाले. जावई हसला. त्या हसण्याची त्याला पुढे स्वतःचीच किळस यायची.

वर घरात म्हातारा कशावरच विश्वास ठेवीना. स्क्रूचे आटे नुसत्या बोटांनी ओळखणारा माणूस लेकीकडून गोळीचं नाव दोनदा वाचून घेई. "हे मीठच ना गं?" म्हणून विचारी. गॅस बंद केला तरी परत जाऊन पाही, आणि पाहिल्यावरही तिला बोलावी. जिना उतरायचं तर त्याने सोडूनच दिलं.

"बाबा एकदम खचले हो," बायको जेवायला वाढताना रडली. जावयाने ताट बाजूला सारलं. गॅरेज त्याच्या हाती आलं होतं, फळी त्याची झाली होती, आणि तिच्यासमोर उभं राहायचीही त्याला लाज वाटत होती.

शेवटी एके सकाळी तो दोन्ही कार्ब्युरेटर फडक्यात गुंडाळून वर घेऊन गेला. डॉक्टरांच्या गाडीचा तो खास मागून उतरवून आणला होता. बायको तिथेच बसली होती. तिच्यादेखत त्याने सगळं सांगितलं: रॉकेलाचा ट्रे, फोन, अरुंद गळा दिसूनही गप्प बसणं, सगळं. काहीएक हातचं राखलं नाही.

म्हाताऱ्याने दोन्ही नीट पाहिले. "बिल्ले तर बरोबर आहेत की."

"मी परत बदलले, बाबा."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी."

"म्हणजे चूक तुम्ही केलीत, तुम्हीच ती निस्तरलीत, आणि मला असं झुरताना बघून इतके दिवस गप्प राहिलात?" म्हाताऱ्याने मान हलवली. "नाही हो, जावईबापू. तसे नाही तुम्ही. माझ्या समाधानासाठी बनवून सांगताय, कळतं मला."

"बाबा, खरंच सांगतोय! अगं, तू तरी सांग त्यांना."

बायकोचे डोळे भरून आले होते. ती नवऱ्याकडे इतक्या अभिमानाने बघत होती की त्याने मान खाली घातली.

"पुरे आता," म्हातारा त्याच्या हातावर थोपटत म्हणाला. "माणसाने इतकंही चांगलं असू नये."