मुलुंडचा नकली आपटा

मी रक्तकांचन. मुलुंड पूर्वेला एका सोसायटीत, पार्किंगच्या कडेला उभा आहे. इथे सगळे मला आपटा म्हणतात. मी गप्प राहतो. का, ते पुढे कळेल.

आमचा मुलूख हिमालयाच्या पायथ्यापासून थेट ब्रह्मदेशापर्यंत. तिथल्या जंगलात मी कोण, हे माकडांनाही कळत असावं. इथे मात्र पदवीधर राहतात. आपट्याचं पान लहान आणि आडवं, माझं पंज्याएवढं आणि लांबट. पण पान मधोमध दुभंगलेलं दिसलं की यांची खात्री पटते.

ऐन नवरात्रात मला कळ्या धरतात आणि दसऱ्याला ही मंडळी मला फांद्यांसकट ओरबाडतात. 'सोन्यासारखे राहा' म्हणत माझी पानं वाटतात. संध्याकाळी तेच सोनं लिफ्टमध्ये चपलांखाली असतं.

यंदा सेक्रेटरी जयवंतने नवी गाडी घेतली आणि तिच्यासाठी त्याला माझीच जागा दिसली. सभेत मला तोडायचा विषय निघाला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभाकाकू म्हणाल्या, "आपटा तोडतोस? मग दसऱ्याला काय गाडीचे वायपर वाटणार?" विषय तिथेच बारगळला.

दसऱ्याच्या सकाळी काकू माझी पानं तोडत होत्या. त्यांची सून दिशा हिने माझ्यासमोर मोबाइल धरला. "आई, हा आपटा नाहीच. कांचन आहे."

मी मुळापर्यंत गार पडलो.

गाडीला हार घालणारा जयवंत लगेच वळला. "बघा. मग तोडायला काय हरकत आहे, काकू?"

काकूंनी हातातलं पान उलटसुलट करून पाहिलं. "दिशा, तो मोबाइल आत ठेव आधी. आणि जयवंत, गेल्या दसऱ्याला मी तुला ह्याचंच पान दिलं ना रे? वर्षात गाडी आली. आता पान नकली म्हणतोस, तर गाडी परत कर."

जयवंतने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काकूंपुढे हात केला. मिळालेलं पान त्याने गाडीत, गणपतीच्या मूर्तीपाशी ठेवलं.

अशा रीतीने मी एकमताने आपटा ठरलो. वनस्पतिशास्त्राने नाही, तर गाडी जाईल या भीतीने.

तेव्हा या सुशिक्षितांना एकच विनंती. पुढच्या दसऱ्यालाही असेच अडाणी राहा, फक्त खालच्या फांद्यांवर भागवा. शेंड्याला थोड्या कळ्या वाचल्या आहेत. आठवड्याभरात त्या जांभळ्या उमलतील. तेव्हा कृपा करून वर बघू नका. आपट्याला अशी फुलं येत नाहीत.