माणिकरावांचा बैल कोंडवाड्यात

ताडकळसचा बाजार करून माणिकराव घरी आले, तर गोठ्यात बैल नव्हता. तुटलेलं दावं तेवढं पडलं होतं.

"धम्मपालनं हौश्याला कोंडवाड्यात घातलंय," त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईंनी, भाकरी थापता थापता सांगितलं. "शाळेतली जांभळाची दोन रोपं अन् कडुलिंबाचं एक खाल्लं त्यानं."

माणिकरावांनी पिशवी तिथंच टाकली. सून सविता गावची सरपंच, अन् तिच्याच घरचा बैल ग्रामपंचायतीच्या शिपायानं कोंडावा? ते तरातरा कोंडवाड्यावर गेले. धम्मपाल हौश्याला पाणी पाजत होता.

"बैल कुणाचा हाय, म्हाईत हाय का?"

"हाय की, काका. पण ठरावात कुणाचं नाव न्हाई. ज्याचं जनावर झाडं खाईल, त्यानं एक दिस शाळेच्या झाडाला पाणी घालायचं. मगच जनावर सुटल."

ठराव दिवाळीनंतरच्या ग्रामसभेतला. माणिकरावांनीही त्याला हात वर केला होता. तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं शेजारच्या दत्तरावाच्या म्हशी होत्या.

ते तसेच ग्रामपंचायतीत गेले. सविता कागदांवर सह्या करत होती.

"एक चिठ्ठी लिही. बैल सोडा म्हणावं."

"तशी चिठ्ठी मला लिहिता येत न्हाई, मामा."

"मग सरपंच कोण हाय?"

"मीच हाय. पण ठराव सभेनं केला. मी तो पाळायचा, दुसऱ्याला पाळायला लावायचा. मोडायचा हक्क मला न्हाई."

माणिकराव धपकन खुर्चीत बसले. "निजामाच्या काळात माझा आजा पाटील होता. आमची बैलं कुणाच्या बी पिकात शिरायची. तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती."

"अन् त्याच आजाला तहसीलदारानं दिवसभर उन्हात उभं केलं होतं, मुजरा चुकला म्हणून," सविता हळूच म्हणाली. "तुमीच सांगितलंय. तवा तहसीलदाराला कोण जाब विचारणार होतं? ज्याच्या हाती हुकूम, त्याचंच खरं."

आजोबांचं ते दुःख माणिकरावांनी लहानपणी ऐकलं होतं. सांगतानाही म्हाताऱ्याचा आवाज कापायचा. माणिकराव खुर्चीतून उठले.

"घागर शाळेतली घ्यायची, का घरची न्यायची?"

सविताला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचाचा सासरा शाळेच्या हापशावर घागर भरतोय ही बातमी गावभर झाली. दत्तराव तर मुद्दाम मोटारसायकल घेऊन बघायला आले.

"काय पाटील, तुमी अन् घागर?"

"ठराव सगळ्यायला सारखा हाय," माणिकराव ताठ होऊन म्हणाले. "तुझ्या म्हशींवर माझी नजर हाय, ध्यानात ठेव!"

दुपारपर्यंत त्यांना काम गोड लागायला लागलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी प्रत्येक रोपाला आळं केलं, बाभळीच्या फांद्या आणून कुंपण घातलं आणि पोरांना झाडाच्या बुडाला पाणी कसं सोडायचं ते शिकवलं. दिवस कलताना धम्मपालनं वहीवर त्यांची सही घेतली आणि हौश्याचा कासरा त्यांच्या हाती दिला.

तरी गडी गप्प बसणारा नव्हता. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ते उभे राहिले.

"ठराव बदलायचा तर सभेतच बदलावा लागतो ना? मग माझं म्हणणं लिहून घ्या. सत्तरीच्या पुढच्या माणसाला पाणी घालण्यातनं सूट द्यावी."

आपली बाजू त्यांनी झकास मांडली. गुडघे, कंबर, हापशाचा जड दांडा, काही सोडलं नाही. मग सवितानं मत घेतलं. बाजूनं सात हात वर झाले, सातही म्हाताऱ्यांचे. विरोधात सगळी सभा, आणि पुढच्या रांगेत धुरपताबाई, दोन्ही हात वर करून.

"आत्याबाई, एकच हात," सविता म्हणाली.

मंडप हसण्यानं दणाणला.

"घरातच फितुरी!" माणिकराव ओरडले, पण हसून हसून त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मग काय तर!" धुरपताबाई मागं वळून म्हणाल्या. "झाडाला पाणी घातलं त्या दिशी घरी येऊन चार भाकरी खाल्ल्या तुमी. लय वर्सानं!"