८.४ दाखवणारा चौकोन

मी संगणकाच्या पडद्यावरचा एक छोटासा चौकोन. नेर्मिनाच्या मत्स्यकेंद्रात ट्राउट माशांच्या तळ्यात किती ऑक्सिजन आहे, तो आकडा मी दाखवतो. आज मला माझा गुन्हा कबूल करायचाय.

सारायेव्होच्या आदिसने मला घडवलं. माझं स्वतःचं असं काहीच नाही. तळ्यातलं यंत्र पाणी मोजून संगणकाला कळवतं, आणि त्या आकड्याशी माझी गाठ बांधलेली. तो बदलला की मला हाक यायला हवी, मग मी नवा आकडा दाखवायचा. ती हाक मारणारी ओळच आदिस लिहायला विसरला. त्यामुळे सकाळी प्रोग्राम उघडताना मी एकदा बघायचो आणि दिवसभर तेच धरून बसायचो. पाणी डोंगरातलं, थंडगार. आकडा हलत नाही याचं कोणालाच नवल वाटलं नाही. मी तर ऐटीत असायचो.

राखणदार चामिलचाचा तीस वर्षं नुसतं पाण्याकडे बघून माशांची तब्येत सांगायचे.

"चाचा, आता डोळ्यांना सुट्टी द्या, पडदा बघा," नेर्मिना चिडवायची.

"तुझा पडदा माशांना खायला घालणार आहे का गं पोरी?"

पण हळूहळू तेही माझ्याकडे बघू लागले.

ऑगस्टमधल्या एका दुपारी पाणी येण्याच्या जाळीत पाला अडकला आणि ताजं पाणी थांबलं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. जाळीकडे निघालेले चाचा आधी माझ्याकडे आले. मी सकाळचाच ८.४ दाखवला.

"आठ पॉइंट चार? भरपूर आहे की. म्हातारा झालो मी, काहीतरीच दिसतं," असं पुटपुटत त्यांनी कॉफी ठेवली. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मला ते आजही सहन होत नाही.

तासाभरात तळं पांढऱ्या पोटांनी भरलं. नेर्मिना धावत आली. तिने प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, आणि मी मेल्याने झटकन खरा आकडा दाखवला. २.१.

"चाचा, दोन पॉइंट एक! एवढं ढळढळीत दिसतंय!"

"आठ होतं, पोरी. अल्लाशप्पथ."

"कॉफी पीत बसलात, आणि वर खोटं बोलताय?"

चाचांनी रबरी बूट काढून दाराशी ठेवले आणि नुसत्या मोज्यांवर निघून गेले.

पुढच्या आठवड्यात आदिस आला. बराच वेळ शोधून त्याने ती ओळ लिहिली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"काय बिघडलं होतं रे?" नेर्मिनाने विचारलं.

"काही नाही ताई, थोडी साफसफाई केली."

आता मी क्षणाक्षणाला बदलतो, अगदी खरं बोलतो. माझ्यासमोर नवा माणूस बसतो. नेर्मिना अजून गावभर सांगते, चाचा कामचुकार निघाले.

आदिस, तुला आणि मलाच ठाऊक आहे. मला जे देशील तेच मी दाखवू शकतो. एकदाच मला आकडा नको, शब्द दे. नेर्मिना समोर बसली की मी लिहीन: चाचा खरं बोलत होते.