पाठ भिंतीला

थोरांचा मान राखणे हा धर्मच आहे. परंतु तो मान धाकट्याच्या अपमानावर उभा राहू लागला, तर त्याला पुन्हा पारखून पाहावे लागते.

सोलमधील एका संगीत-मासिकाच्या सजावटकार ओक जोंगवन मुखपृष्ठाचा आराखडा करीत होत्या. छायाचित्र पाच गायिकांच्या एका चमूचे घ्यायचे होते. लहान चेहरा हेच तिथले सौंदर्य. म्हणून कॅमेरा रोखला की थोरल्या हळूच मागे सरत आणि धाकट्या सोदामला रीत म्हणून पुढे राहावे लागे. साहजिकच तिचा चेहरा सर्वांत मोठा दिसे. चाहते तिला ‘पौर्णिमा’ म्हणून चिडवत. “मला मुखपृष्ठावर घेऊ नका,” असे तिने या वेळी खाली मान घालून सांगितले होते.

जोंगवन यांनी आराखड्यातील मोकळे अंगण खोडले आणि तिथे विटांची भिंत काढली.

चित्रणाच्या दिवशी त्या म्हणाल्या, “पाचही जणींनी पाठ भिंतीला टेकवा.”

थोरली हेजू सवयीने मागे सरली आणि तिचे डोके भिंतीवर आपटले.

“ताई, आता भिंतीत शिरणार का?” सोदामने विचारले.

“शिरले असते गं, वीट हलेना.” मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर टिपलेले छायाचित्र पाहून हेजूच खळखळून हसली. “अगंबाई, पौर्णिमा तर मीच आहे.”

अंक निघाला, तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या. मुखपृष्ठावर सोदाम मधोमध उभी होती, मान ताठ ठेवून.

त्या पाचही जणींचे सख्य असेच अभंग राहो.