धुण्याचा दगड

नानाजीच्या शेतात देव प्रकटला बुधवारी आणि मोजणीवाले यायचे होते गुरुवारी. एवढा वेळेचा पक्का देव राळेगाव तालुक्यात याआधी कोणी पाहिला नव्हता.

त्या शेतावरून उच्च दाबाची वीजवाहिनी जायची होती. दूरच्या सोलर प्रकल्पातली वीज त्या तारांवरून शहरांकडे जाणार, भर उन्हाळ्यात कुठं अंधार होऊ नये म्हणून. नानाजीच्या बायकोचं, कोकिळेचं, त्याला काही म्हणणं नव्हतं. वीज कोणाला नको असते? पण टॉवर आपल्या कपाशीत नको, म्हणून नवऱ्यानं तिचाच धुण्याचा दगड उचलून टॉवरच्या जागेची खूण म्हणून आधीच ठोकलेल्या खुंटीशी रोवला, त्याला शेंदूर फासला आणि तिला आरतीचं ताट धरायला लावलं. तिनं धरलंही. ते आठवलं की तिला स्वतःची शिसारी येई.

मोजणीवाला पियूष भला पोरगा. देवस्थान म्हटल्यावर त्यानं बूट काढून नमस्कार केला आणि खुंटी शेजारच्या शेतात हलवली. ते शेत नानाजीच्या धाकट्या भावाच्या विधवेचं, वैष्णवीचं. खुंटी आली नेमकी तिच्या विहिरीपाशी. विहीर बुजणार होती, आणि त्याच पाण्यावर ती वांगी-भेंडी पिकवून घर चालवायची. नानाजी म्हणाला, देवाची मर्जी. भावजयीच्या पोटावर पाय देऊन हा माणूस प्रसादाचं खोबरं मिटक्या मारत खात होता. कोकिळेला त्याच्या ताटात भाकर वाढायचीही किळस येऊ लागली.

पक्की आखणी करायला पियूष परत आला, त्या सकाळी कोकिळा धुणं घेऊन नाल्यावर निघाली होती. पाहते तर वैष्णवी त्याच दगडापुढं पदर पसरून बसलेली. माझी विहीर वाचव, म्हणत होती. पहिल्या तोड्याची वांगी तिनं दगडाला वाहिली होती.

कोकिळा पुढं झाली. वांगी उचलून तिनं वैष्णवीच्या पदरात टाकली, वैष्णवीनं पूजेला आणलेली पाण्याची बादली दगडावर ओतली आणि नवऱ्याचा सदरा आपटायला लागली. आखणीची माणसं बघतच राहिली. नानाजी धावत आला.

"देवावर धुणं कायले धुऊन राह्यली?"

"देव नाही थो," पियूषकडे पाहत ती म्हणाली. "लग्न झालं तवापासून ह्याच दगडावर कपडे धुऊन राह्यली मी. शेंदूर यायनं फासला. साहेब, पहिली खुंटी होती थितंच ठोका."

पियूषनं नकाशा उघडला, नानाजीकडं एकदा पाहिलं आणि माणसांना विहिरीजवळची खुंटी उपटायला पाठवलं.

वैष्णवी उठली. "आरतीचं ताट तुम्हीच धरलं होतं ना, बाई?"

"हो," कोकिळा म्हणाली.

वैष्णवीनं वांगी पदरात घट्ट बांधली आणि मागं न बघता निघून गेली. शेंदूर तेलातला होता. सदऱ्याचा डाग काही निघाला नाही.